पुळणबेटाची सरकणी

किनाऱ्यावरची माणसं सोयरीक जुळवताना आधी विचारतात, ‘घर कुठं आहे?’ पुळणबेटावर असं विचारलं की लोक हसत. तिथं विचारायचं ते ‘यंदा घर कुठं आहे?’ असं.

मालवणच्या बंदरातून निघालेली होडी सकाळची संध्याकाळ करून या बेटाला लागायची. खाली पोवळ्यांचा खडक, वर सगळी वाळू, मधोमध माडांचं बन आणि गोड्या पाण्याची एक बाव, म्हणजे विहीर. पावसाळ्यातल्या लाटा दक्षिणेची वाळू उचलून उत्तरेच्या टोकाला नेऊन टाकत. हिवाळ्यात वारा फिरला की तीच वाळू बेटाच्या कडेकडेनं परत दक्षिणेला येई. आता गेली तशीच नेमकी परत येईल तर ती वाळू कसली! कुठं चार पावलं कमी, कुठं दहा पावलं जास्त. म्हणून इथली मासेमारी करणारी गाबीत मंडळी घराला पाया घालतच नसत. सुरूचे वासे, बांबूच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर. दसरा झाला की मेथरांच्या घरातलं वडीलधारं माणूस अख्खं बेट पायांनी तुडवून येई आणि जिथं वाळू भक्कम बसली असेल तिथं एकेका घराच्या नावानं मेढ रोवी. मग गावातले गडी खांदे लावून घर उचलत आणि मेढीपाशी नेऊन ठेवत. याला म्हणत सरकणी. जमीन कुणाच्याच मालकीची नव्हती. ज्याची मेढ त्याची जागा, तीही पुढच्या दसऱ्यापर्यंत. सातबारा नावाची काही चीज असते हे इथल्या पोरांना शिकायला मालवणला गेल्यावर कळे.

ही गोष्ट घडली तेव्हा शतक अर्ध्यावर आलं होतं. समुद्र चढला होता, बेट अंगानं वाळलं होतं, पण सरकणी चालू होती. मेढ रोवायचा मान होता हर्षाली मेथर हिच्याकडं. तिच्या जन्माच्या सुमारास किनाऱ्यावर हर्षाली, प्रणाली, मिताली अशा नावांची साथच आली होती. आता त्या सगळ्या हर्षाल्या पन्नाशीला येऊन गुडघ्यांना तेल चोळत होत्या. हिचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा विहान, त्याला तिनं तळहाताच्या फोडासारखा वाढवला. तो दोन वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. होडीचे तुकडे तेवढे मिळाले. दिवा नसलेली, माणूस नसलेली एक परकी बोट भर समुद्रात त्याच्या होडीवरून गेली, एवढाच अंदाज पुढं त्या तुकड्यांवरून निघाला. अशा बोटी तेव्हा वाढल्या होत्या. त्या कुणाच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सिद्ध कुणालाच करता येत नव्हतं.

पोर गेल्याचं दुःख तर होतंच. पण त्याला मारणारी बोट कुणी बघितलीसुद्धा नाही, हे हर्षालीच्या जिवाला जास्त लागलं होतं. एवढा मोठा देश, एवढी यंत्रं, आणि कुणाच्याच नजरेला पडू नये? ती जेवायची थांबली तेव्हा धाकटी जाऊ तृप्ती तिला आपल्या घरी घेऊन गेली आणि वर्षभर तिनं हर्षालीला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. पानात मासा वाढून, काटे काढून, समोर बसून खायला लावायची. सख्खी बहीण करणार नाही एवढं तिनं केलं, असं हर्षालीच सगळ्यांना सांगायची.

सागर टेहळणी दलाचे कमांडंट इनामदार बेटावर आले ते त्यानंतर. साताऱ्याकडचा माणूस, बोलायला मोकळा. माडाच्या बुंध्याला टेकून त्यांनी हर्षालीला रडारची गोष्ट समजावून सांगितली.

“ताई, पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. रडारला विसरता येत नाही. त्याची नजर सरळ जाते आणि समुद्र खाली वाकत जातो. किनाऱ्यावर कितीही उंच मनोरा बांधा, थोड्या अंतरानंतर पाण्याला चिकटून चालणारी बोट त्या वाकणाच्या आड जाते. तुमचा विहान त्या आडोशाला होता. तुमच्या बेटावर रडार असतं तर ती बोट आम्हाला दिसली असती.”

“दिसली असती?” हर्षालीनं विचारलं.

“शंभर टक्के.”

त्या दोन शब्दांनंतर हर्षालीचं निम्मं मन कायमचं त्यांच्या बाजूला गेलं.

पण मनोरा वाळूवर उभा राहत नाही. त्यासाठी डॉक्टर ऋतुजा कांबळे आल्या होत्या. त्यांचं सगळं आयुष्य एका जीवाणूच्या मागं गेलं होतं, त्याला त्या ‘शिळाणू’ म्हणत. देवळासमोर त्यांनी एक घमेलं वाळू घेतली, त्यात पिवळसर पाणी ओतलं आणि गावाला म्हणाल्या, “या पाण्यात शिळाणू आहेत, थोडा युरिया आहे आणि चुना आहे. शिळाणू युरिया खातात. खाताना ते आजूबाजूचं पाणी असं बदलतात की त्यातल्या चुन्याचे बारीक स्फटिक होतात. ते दोन कणांच्या मधे बसतात आणि कणाला कण चिकटतो. शिंपले, पोवळी हे काम वर्षानुवर्षं करतात. पूर्वी प्रयोगशाळेत याला महिना लागायचा, आणि खाऱ्या पाण्यात तर जमायचंच नाही. या जातीला एक भरती-ओहोटी पुरते.”

संध्याकाळी घमेलं उपडं केलं तेव्हा आतून दगड पडला. म्हातारे बाबल तांडेल त्यावर जाऊन बसले, दोनदा आपटून बघितलं आणि म्हणाले, “बायकोपेक्षा मऊ असा.” गाव पोट धरून हसलं. बाबलांची बायकोही हसली, पण रात्री त्यांना जेवण उशिरा मिळालं.

दलाला उत्तरेचं टोक हवं होतं. ते दगडाचं करायचं, त्यावर मनोरा आणि धक्का बांधायचा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कांबळे हर्षालीबरोबर त्या टोकापर्यंत चालत गेल्या. वाटेत त्यांनी हातातल्या पडद्यावर बेटाचं चित्र दाखवलं. वाळू पिवळ्या रेघांनी बेटाभोवती फिरत होती.

“ताई, तुमचं बेट टिकलंय ते हलतं म्हणून. टोक दगडाचं झालं की लाटा तिथं वेगळ्या फुटतील. वाळू वळसा घालून दक्षिणेला परत येईल असं माझं गणित म्हणतं. पण दरवेळी नाही. तीन वेळा मांडलं तर दोनदा येते, एकदा येत नाही.”

“येणा नाय, मग खंय जाता?”

“खडकाच्या कडेवरून खोल समुद्रात. तिथून ती परत येत नाही.” कांबळे थांबल्या. “हे गावाला कळायला हवं. पण मी सांगितलं तरी लोक तुमच्याच तोंडाकडं बघणार. तुम्ही सांगाल?”

“सांगतलंय,” हर्षाली म्हणाली. तेव्हा तिला खरंच सांगायचं होतं.

सभा देवळासमोर भरली. इनामदारांनी कागद वाचून दाखवला. उत्तरेचं टोक ‘कायमस्वरूपी’ दलाकडं राहील, असं त्यात होतं.

“कायम म्हणजे किती वर्सां?” बाबल तांडेलांनी विचारलं.

पुन्हा हशा झाला. इनामदारही हसले, त्यांना वाटलं म्हातारा थट्टेखोर आहे. म्हातारा थट्टेखोर होताच, पण हा प्रश्न त्यानं मनापासून विचारला होता. ज्या गावात कुणाच्या आज्याला, पणज्याला एका जागी तीन दसरे राहिल्याचं आठवत नव्हतं, त्या गावाला कायम हा शब्द कळणार कसा? यंदा टोक त्यांचं, उद्या गरज लागली की सरकतील, आपण सरकतो तसे. दोन्ही बाजू मनमोकळ्या हसल्या आणि दोन्ही बाजूंना वाटलं की आपलं म्हणणं समोरच्याला पटलं.

एकट्या तृप्तीनं मात्र मुद्द्याचं विचारलं. तिचं घर दक्षिणेच्या वाडीत होतं. “वैनी, तुमी सांगा. टोक दगडाचा झाला तरी वाळू परत येतली मा?”

हर्षाली उठली. समोर सगळं गाव होतं, एका बाजूला डॉक्टर कांबळे. सांगायचं ठरवलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं. पण एकदा का ‘कदाचित नाही’ म्हटलं की सभा मोडणार, दल दुसरीकडं जाणार आणि तो समुद्र पुन्हा आंधळाच राहणार, हे तिला लख्ख दिसलं.

“येतली,” ती म्हणाली.

कांबळेंनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. ओहोटी लागली होती, इनामदार निघायच्या घाईनं होडीकडं बघत होते.

मग हर्षालीनं उत्तरेच्या टोकाला दलाच्या नावानं मेढ रोवली आणि गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या जाग्यार जो कोण उभो रवात, त्येची नजर आमच्या होडयांवर ठेव रे म्हाराजा!” गाव एका आवाजात म्हणालं, “व्हय म्हाराजा!” हर्षालीचा आवाज मधेच फाटला. लोकांना वाटलं, पोराच्या आठवणीनं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. टोक दगडाचं झालं, त्याच्याभोवती तारेचं कुंपण आलं, मनोरा उभा राहिला आणि प्रत्येक होडीला दलानं एकेक बोलणारं यंत्र दिलं. एका दुपारी तृप्तीचा नवरा संकेत, म्हणजे हर्षालीचा दीर, जाळी ओढत असताना त्या यंत्रानं सांगितलं, ‘तुमच्या मागून बोट येते आहे, डावीकडं हटा.’ समुद्र मोकळा दिसत होता. संकेतनं जाळं तिथंच कापून टाकलं आणि होडी वळवली. थोड्याच वेळात काळी, बुटकी, बिनमाणसाची बोट जाळ्याच्या तरंगत्या बोयांवरून सरळ निघून गेली. घरी येऊन त्यानं हे सांगितलं. तृप्तीनं त्याच पावली येऊन हर्षालीच्या पायांवर डोकं ठेवलं. हर्षालीनं तिला उठवलं, पोटाशी धरलं, आणि तिला वाटलं की आपण खोटं बोललो ते देवालाही मान्य आहे.

हिवाळ्यात वाळू कमी आली. ‘वारो उशिरा फिरलो,’ असं हर्षालीनंच सगळ्यांना सांगितलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वारा वेळेवर फिरला, वाळू आलीच नाही. दक्षिणेची वाडी दर अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला बेटाच्या आत सरकू लागली. तृप्तीनं दोनदा घर मागं घेतलं, तिसऱ्यांदा माडांना टेकली. मागं जायला जागा उरली नव्हती.

मग बाव खारट झाली. डॉक्टर कांबळे आल्या, त्यांनी पाणी चाखलं आणि ओंजळ खाली सोडली. अशा बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, डाळीवर तूप तरंगावं तसं. बेट जितकं रुंद, तितका तो थर जाड. बेट एका बाजूनं झिजलं की थर पातळ होतो आणि बावीत खालचं खारं पाणी चढतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्या हर्षालीच्या डोळ्यांत बघत नव्हत्या.

“दगडाची परत वाळू होता?” हर्षालीनं विचारलं.

“होते. आम्लानं चुना विरघळवता येतो. पण मनोरा काढावा लागेल. आणि ताई, खोलात गेलेली वाळू मी कुठून आणू?”

दसऱ्यानंतर हर्षाली नेहमीप्रमाणं बेट चालायला निघाली. सगळं बेट चालून झालं, मेढी काखेतच राहिल्या. शेवटी ती कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. इनामदार बाहेर आले.

“आता तुमी जरा सरका,” ती म्हणाली. “दोन वर्सां झाली. आमका जागो होयो.”

इनामदारांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “ताई, तो करार कायमचा आहे. कायम म्हणजे कायम.”

“जागो कोणाचो कायमचो असता?”

“आमच्याकडं असतो.” ते कुंपणाला धरून उभे राहिले. “तुम्हाला मालवणजवळ पक्की घरं मिळतील, मी स्वतः पाठपुरावा करतोय. पण हे बंद करा असं म्हणू नका. या दोन वर्षांत किती होड्या वाचल्या ते तुम्हालाच ठाऊक. तुमचा मुलगा ज्या समुद्रात गेला तिथली नजर मी काढून घेऊ? तुम्ही सांगा, काढू?”

हर्षालीनं काखेतल्या मेढी सावरल्या. ती तशीच मागं फिरली.

गाव हलवायचं ठरलं त्याची सभा पुन्हा देवळासमोर भरली. या वेळी कुणी हसलं नाही. डॉक्टर कांबळे बोलायला उभ्या राहिल्या आणि एकदम गलका उठला. “ह्या बायन फशयल्यान आमका! वाळू येतली म्हणान सांगून दगड केल्यान!” कुणीतरी ओली वाळू फेकली, ती त्यांच्या खांद्यावर बसली. त्यांनी ती झटकलीही नाही. ‘मी सांगितलं होतं’ एवढं म्हणायचा त्यांना हक्क होता, पण त्या गप्प उभ्या राहिल्या. आपण त्या दिवशी तोंड मिटलं याची शिक्षा त्या घेत होत्या.

हर्षालीला गप्प बसता आलं असतं. दोन दिवसांत गाव विखुरणार होतं, डॉक्टरबाई शहरात जाणार होत्या, कुणाला कधी कळलंही नसतं. ती उठली.

“तिका काय बोला नकात. तिना माका आदीच सांगलेला, वाळू येयत नायतर येवची नाय म्हणान. माका ठावक होता. तुमी इचारलास तेव्हा मी खोटा सांगलंय.”



“कित्या?” तृप्तीनं विचारलं.

“माझ्या विहानाक कोणी बघूक नाय. दुसऱ्या कोणाचो झील तसो जाव नये म्हणान...” हर्षाली थांबली. “नाय. तां पण खोटा. माका रडार होयो होतो. तेव्हा दुसरा कायच दिसा नाय होता.”

तृप्ती उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं मोठ्या जावेला ‘तुमी’शिवाय हाक मारली नव्हती. “आणि मी?” ती म्हणाली. “वर्सभर तुझ्या पानातले काटे काढलंय. मी दिसूक नाय तुका?”



“अगो, मी जिवंत असंय मा,” संकेत हळूच बायकोला म्हणाला.

“तू जिवंत असंस म्हणानच माका तिका धड शिव्या घालूक येत नाय!” तृप्ती ओरडली आणि तोंडावर पदर घेऊन खाली बसली.

निघायच्या दिवशी सगळ्यांनी मिळून एकेक घर उतरवलं. बाबल तांडेलांचं, संकेतचं, वाडीतली सगळी. वासे सोडून होड्यांवर बांधले. पक्क्या घरांत त्यांचं काही काम नव्हतं, तरी बांधले. हर्षालीच्या घरापाशी मात्र कुणी आलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं. माणसं तिथपर्यंत आली आणि पलीकडच्या घराकडं वळली. दोन-चार जणांशिवाय घर हलत नाही हे तिला जन्मापासून माहीत होतं. तिनं विहानचे कपडे आणि दोन भांडी गाठोड्यात बांधली, दार लोटून घेतलं आणि पाण्याच्या कडेला येऊन उभी राहिली.

होड्या भरत होत्या. तिच्याकडं बघायचं नाही म्हणून लोक दोर बघत होते, गाठी बघत होते, लहान पोरांना उगाच दटावत होते. दलाची लाँच सगळ्यात शेवटी निघणार होती. तिनं ठरवलं, आपण त्या लाँचनं जावं. परक्यांत बसलेलं बरं.

“चड,” मागून तृप्तीचा आवाज आला. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, होडीची कड धरून.

“नको गो. तुझ्या होडयेत मी इलंय तर लोक तुका बोलतीत.”

“बोलूंदेत. मी पण बोलतलंय. माफ-बिफ कायएक करूचंय नाय मी तुका. मरापर्यंत बोलतलंय.” तृप्तीचे डोळे सुजले होते आणि आवाज बसला होता. “पण बोलूक तरी तू समोर व्हयी मा?”

तृप्तीनं तोंड दुसरीकडं फिरवलं, आणि तिच्या हातातलं गाठोडं काढून घेऊन होडीत आपल्या भांड्यांच्या शेजारी ठेवलं.